तुम्ही विचारलंत म्हणून: मॅचच्या दिवशी मी बेंचवर का नसतो

“सर, टीम तुमची, प्रॅक्टिस तुमची, मग मॅचला बेंचवर दुसरंच कोणी कसं?”

मी मुलींच्या बास्केटबॉल टीमचा कोच. सतरा-अठरा वर्षं झाली, हा प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही. नव्या मुली पहिल्या टुर्नामेंटला विचारतात. पालक स्टेशनवर सोडायला येतात, ते विचारतात. जुने खेळाडू लग्नात हातात प्लेट धरून विचारतात, तेही बायको शेजारी असताना, म्हणजे मला टाळता येऊ नये. माझी उत्तरं ठरलेली आहेत. ब्लडप्रेशर. नव्या कोचला संधी मिळायला हवी. आणि तिसरं, लोकांना फार आवडतं ते: “अहो, जे व्हायचं ते प्रॅक्टिसमध्येच झालेलं असतं, मॅचला कोच फक्त पाणी पाजतो.”

यातलं पहिलं तर शंभर टक्के खरं आहे, गोळी रोज चालू आहे. पण ती 2014 नंतर सुरू झाली, आणि बेंच मी 2007 मध्ये सोडला. हिशेब कुणी केला नाही म्हणून निभावलं.

मी किती खेळलो, पतियाळ्याला कोचिंगचा डिप्लोमा कधी केला, कॉलेजात क्रीडा अधिकारी म्हणून कसा चिकटलो, हे विचारणाऱ्यांना माहीत आहे. ते सोडतो. एक मात्र सांगायला हवं, कारण आताच्या मुलींना ते ठाऊक नसतं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं आणि भिलाई आमच्या हातून गेली. त्याआधी मध्य प्रदेशाच्या मुलींची टीम म्हणजे बऱ्याच अंशी भिलाईच्याच मुली. कोच राजेश पटेलांनी तिथे घडवलेल्या मुली पुढे छत्तीसगडकडून राष्ट्रीय स्पर्धा जिंकत राहिल्या आणि आमच्याकडे उरल्या रिकाम्या जर्सी. सगळे म्हणाले, आता आपलं काही खरं नाही. मला मात्र आतून बरं वाटलं होतं. इंदूरच्या पोरींना आता राज्याच्या टीममध्ये जागा आहे, आणि त्या जागेवर कोण जाणार हे मी ठरवणार. तीस-बत्तीसचा होतो. भूक लागलेली होती. ही भूक वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही.

आता ती मॅच.

तिचं नाव लिहीत नाही, आठ नंबर म्हणतो. तेव्हा जर्सीचे नंबर चार ते पंधराच असायचे. वडील मिलमधले, मिल बंद होऊन सोळा वर्षं झालेली, आई घरी शिवणकाम करायची. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी. उंची पाच फूट दोन इंच, पण बॉल तिच्या हातात असला की बाकी चौघींना आपण कुठे जायचं हे आपोआप कळायचं. असा खेळाडू कोच घडवत नाही. तो येतो, आणि कोचने फक्त त्याचं वाटोळं करू नये एवढीच अपेक्षा असते.

जूनमध्ये सिमेंटच्या कोर्टवर तिचा डावा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट अर्धवट गेलंय असं वाटतं, एमआरआय करा, सहा महिने खेळ बंद, मग बघू. एमआरआय झाला नाही. पैशाचा प्रश्न होता हे खरं. मी कॉलेजच्या क्रीडा निधीतून मागू शकलो असतो, अर्ज लिहायला दहा मिनिटं लागली असती, हेही खरं. सूज उतरली, ती चालायला लागली, ऑक्टोबरात शूटिंगला यायला लागली. मी म्हटलं, फक्त शूटिंग. मग म्हटलं, बरं, हलकं ड्रिबल. मग काही म्हटलंच नाही.

डिसेंबरात पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, गुजरातेत. तिला मी बारा जणींत घेतलं. “बेंचवर बसेल, टीमला धीर येतो,” असं मी निवड समितीला सांगितलं, आणि बोलताना माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

क्वार्टर फायनल. जिंकलात की पहिल्या चारात, म्हणजे ऑल इंडिया आंतरविद्यापीठ स्पर्धा नक्की. उघडं कोर्ट, रात्रीचे आठ, सिमेंटवर दव धरायला लागलेलं. मुली टाइमआउटला बुटांचे तळवे हाताने पुसत होत्या. बास्केटवर शॉट मारायला मिळणारे 24 सेकंद मोजायचं मशीन नव्हतं, टेबलवरचा एक मुलगा स्टॉपवॉच बघून ओरडायचा. चौथ्या क्वार्टरमध्ये पावणेचार मिनिटं उरली तेव्हा आम्ही 41, समोरच्या 44. माझी दुसरी गार्ड पाचव्या फाउलवर बाहेर आली.

मी बेंचकडे वळलो. आठ नंबर आधीच उभी होती. ट्रॅकसूट काढलेला, गुडघ्याला क्रेप बँडेज, ते तिने स्वतः बांधलेलं, वरची पिन तिरकी लागलेली. “सर, मी ठीक आहे हो,” ती म्हणाली.

ती पिन मला आजही दिसते. म्हणजे मी गुडघ्याकडे पाहिलं होतं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत होतो की त्या गडबडीत पाहायला वेळच नव्हता. सब, म्हणजे बदली खेळाडू मागायला, टेबलवर नाव सांगायला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात तिला एका पायावर दोनदा उडी मारायला सांगता आलं असतं. मी म्हटलं, “जा. शूट कर, कट मारू नकोस.” कट म्हणजे धावताना झटकन दिशा बदलणं. म्हणजे मला माहीत होतं! ठीक असलेल्या खेळाडूला कोच ‘कट मारू नकोस’ असं सांगत नाही.

तिने पहिल्याच बॉलला तीन मारले. तेव्हा तीन पॉइंटची रेषा सव्वासहा मीटरवर होती, 2010 नंतर पावणेसातवर गेली, पण तो बॉल आजच्या रेषेवरूनही गेला असता, रिंगला न लागता. 44-44. मग तिने एक पास तोडला. एकटीच पुढे, समोर कोणी नाही, मागून एक मुलगी येतेय. लेअपला, म्हणजे रिंगजवळून बॉल टाकायला जाताना मागची मुलगी जवळ आली तशी ती थांबली, दोन्ही पायांवर, वळायला म्हणून. कुणाचा धक्का लागला नाही. बूट जागच्या जागी राहिला आणि गुडघा आत गेला. मी वीस फुटांवर होतो. आवाज आला की नाही, नक्की सांगता येत नाही. मला ऐकू आल्यासारखं वाटतं, पण नंतर इतकं वाचलं आणि ऐकलंय की तो आवाज मीच घातलेला असू शकतो.

आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो.

हेच मला कुणाला सांगता येत नाही. हरलो असतो तर सोपं होतं, मूर्ख कोच म्हणून मोकळा झालो असतो. जिंकल्यामुळे पेपरात चार ओळी आल्या, कुलगुरूंनी चहाला बोलावलं, आणि अजूनही लोक “सर, ती गुजरातची मॅच!” म्हणून टाळी मागतात. मी देतो. फिजिओ नव्हता, बर्फ कोर्टाबाहेरच्या रसाच्या गाडीवरून आणला, परतीचा प्रवास स्लीपरच्या मधल्या बर्थवरून. तिला खालची मिळावी म्हणून टीसीशी भांडलो, त्या भांडणात मात्र मी अगदी शूर होतो.

लिगामेंट पूर्ण गेलं होतं, गुडघ्यातली गादीही फाटली होती. ऑपरेशन झालं. ती पुन्हा खेळली नाही.

मला दोष देणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, तेव्हाचा काळ बघा. आम्ही खेळायचो तेव्हा घोट्याला ओलं फडकं बांधून आत ढकलायचे आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर नऊ महिने तरी मैदान नको, मुलींचा गुडघा मुलांपेक्षा जास्त वेळा जातो, हे आता पंचविशीतले कोचही सांगतात. मला कोणी शिकवलं नव्हतं. पण मग लगेच वाटतं, डॉक्टरने सहा महिने सांगितलेच होते. ते ऐकायला कुठला डिप्लोमा लागतो?

तिने मला कधी काही म्हटलं नाही. उलट, “सर, मीच म्हटलं होतं ना खेळते म्हणून,” असं दोनदा म्हणाली. वीस वर्षांची मुलगी पावणेचार मिनिटं बाकी असताना दुसरं काय म्हणणार? तिचं ‘हो’ ऐकणं माझं काम नव्हतं. का होतं? ती लहान नव्हती, खेळ तिचाही होता. इथे मी दर वेळी अडकतो.

मागच्या वर्षी गणपतीत कॉलनीत कार्यक्रम होता. सगळ्या बायका सतरंजीवर, आणि मागे भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आज्या. त्या आज्यांच्या रांगेत ती बसली होती, अडतीस वर्षांची, डावा पाय लांब करून. मांडी घालता येत नाही. माझं त्या मॅचच्या वेळचं वय तेवढंच. मला पाहून उठायला लागली, मी लांबूनच हाताने नको म्हटलं आणि प्रसाद न घेता निघालो.

तर, 2007 च्या त्या मॅचनंतर मी बेंच सोडला. प्रॅक्टिस घेतो, रोज सकाळी साडेपाचला. मॅचच्या वेळी बाहेर चहाच्या टपरीवर असतो. बेंचवर माझीच जुनी विद्यार्थिनी बसते. हा मी केलेला त्याग आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गेल्या मोसमात बेंचवरच्या त्या विद्यार्थिनीचा फोन आला, टाइमआउटमधून. “सर, सात नंबरचा घोटा मुरगळलाय. म्हणते, खेळते. काय करू?”

मी म्हटलं, “तू बघ.”

दोन सेकंद ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मग तुम्हीच बसा ना सर इथे,” आणि फोन ठेवला. तिने मुलीला उतरवलं की नाही, मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. स्कोअर शीटवर जी आत जाते तिच्या नंबरापुढे फुली असते. त्या मॅचची कॉपी ऑफिसच्या फायलीत आहे, खालून दुसऱ्या कप्प्यात.