आमची वाटचाल : अर्ध्या लिटरची बाटली

सांगलीत प्रयोगशाळेचं सामान विकणारी दुकानं आमच्या आधीही होती, आणि आमच्याहून मोठी होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही सुरुवात केली ती शाळा-कॉलेजांना परीक्षानळ्या, ब्युरेट, लिटमस आणि मोरचूद पुरवण्यापासून. केमिस्ट्रीत बीएस्सी झालं होतं, एका डीलरकडे काही वर्षं फिरती केली होती, आणि कॉलेजचं बिल मार्चअखेरीशिवाय निघत नाही हे पुरतं कळलेलं होतं. भांडवल म्हणजे सौ.चे दागिने आणि थोडंफार उसनं. बाकी कुठल्याही छोट्या धंद्याची जातात तशीच ती वर्षं गेली. त्यावर फार लिहीत नाही.

वळण आलं ते डेअऱ्यांमुळे. सांगली-कोल्हापूर पट्टा दुधाचा, आणि प्रत्येक दूध संघाच्या लॅबमध्ये दुधातल्या फॅटचं प्रमाण काढायचं काम रोजचं. रोजचे नमुने गर्बर पद्धतीने होतात, त्याला सल्फ्युरिक ॲसिड आणि अमाइल अल्कोहोल लागतं. पण दूध पावडर असली, किंवा नमुन्यावरून वाद झाला, की रोझ-गॉटलिब पद्धत लावावी लागते. तिथे अमोनिया आणि अल्कोहोलबरोबर डायएथिल इथर आणि पेट्रोलियम इथर लागतात. पशुखाद्याच्या कारखान्यांतही क्रूड फॅटसाठी सॉक्सलेट, म्हणजे इथरने फॅट विरघळवून वेगळं काढायचं काचेचं उपकरण, चालू असायचं. ‘इथर आहे का?’ असे फोन यायला लागले. आसपासचे बरेच दुकानदार ही भानगड नको म्हणून हात झटकत. आम्ही हो म्हटलं, आणि त्या एका मालाने आमचं दुकान कसं चालवायचं हे ठरवून टाकलं.

ज्यांनी हा माल हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे आकडे. डायएथिल इथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे उन्हात ठेवलेली बाटली आतून उकळायच्या बेताला आलेली असते. बाटलीवर ‘थंड जागी ठेवा’ असं छापलेलं असतं; छापणाऱ्याच्या डोळ्यापुढे सांगलीचा एप्रिल नसावा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावरची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे 45. ॲसिटोनचा उणे 20 च्या आसपास आणि मेथॅनॉलचा 11-12 असतो, त्यावरून अंदाज यावा. हवेत वाफेचं प्रमाण सुमारे 2 टक्क्यांपासून 36 टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी ते मिश्रण पेट घेतं. पेट्रोलचा हाच पट्टा साधारण दीड ते साडेसात टक्के आहे. आणि पेटायला ज्वाळा लागतेच असं नाही. 160 ते 180 अंशांना वाफ आपोआप पेटते, तेवढी तर साधी हॉटप्लेट तापते.

यातलं सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलं म्हणजे ही वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी उताराकडे सरकते. टेबलावरून जमिनीवर उतरते, दाराखालून पलीकडच्या खोलीत जाते, मोरीत शिरते, आणि तिकडे कुठे पेटती शेगडी भेटली तर आग आल्या वाटेने बाटलीपर्यंत परत येते. कुपवाड एमआयडीसीत आम्ही गाळा भाड्याने घेतला तेव्हा आधीच्या भाडेकरूचा एक्झॉस्ट फॅन छताला लागून होता. आम्ही समोरासमोरच्या भिंतींत, जमिनीपासून वीतभर उंचीवर जाळ्या बसवायला सांगितल्या. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, उंदीर येतील.’ उंदरांसाठी बारीक जाळी लावली, पण भोकं खालीच पाडून घेतली. दिवे फ्लेमप्रूफ घेतले आणि स्विचबोर्ड दाराबाहेर काढला. वायरमनला ते विचित्र वाटलं. आत वाफ साठली असेल तर बटण दाबताना उडणारी ठिणगीही पुरते, हे त्याला तिथेच उभं करून समजावलं.

दुसरा निर्णय सुट्या मालाचा. 200 लिटरच्या ड्रममधून बाटल्या भरून विकल्या की मार्जिन चांगलं मिळतं, हे या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे. ॲसिटोन, मेथॅनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आम्ही असं रिपॅक करतो. इथर कधीही नाही. तो कंपनीच्या सीलबंद बाटलीतच येतो आणि तसाच जातो. रिपॅकिंगची खोली बघायला येणाऱ्यांना आमचे गोदामातले मामा काय करतात याचं नवल वाटतं. ओतताना साठणारी स्थिर वीज, म्हणजे स्टॅटिक, ठिणगी न पडता जमिनीत जावी म्हणून ड्रम आणि कॅन यांच्यामध्ये तांब्याची वायर, ड्रमपासून जमिनीत गाडलेल्या अर्थिंगपर्यंत दुसरी. क्लिप लावण्याआधी मामा कानशीने ड्रमच्या कडेचा रंग खरवडतात, कारण रंगावर लावलेली क्लिप आणि न लावलेली क्लिप सारखीच. मग क्लिप हलवून बघतात. भरताना नळी कॅनच्या तळापर्यंत जाते, म्हणजे द्रव वरून पडून शिंतोडे उडत नाहीत. कामावर सुती कपडे. टेरिकॉट किंवा नायलॉनचा शर्ट घालून आलेल्याला परत पाठवतात, मग तो कोणाचाही पाहुणा असो. प्लास्टिकची बादली किंवा नरसाळं या खोलीत दिसत नाही. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा स्टॅटिक जास्त साठतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत मामा जास्त कटकट करतात.

परवान्यांबद्दल थोडक्यात. हेक्झेन, पेट्रोलियम इथर असे पदार्थ पेट्रोलियम कायदा 1934 आणि 2002 च्या नियमांखाली येतात, 23 अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला माल ‘अ’ वर्गात धरतात, आणि हे सगळं बघणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कागदपत्रांचा कंटाळा येतो हे खरं. पण साठा किती लिटर ठेवायचा याची मर्यादा बाहेरून घातली गेली की मोह कमी होतो, हेही खरं.

आता ज्या गोष्टीमुळे आमची ओळख झाली आणि काही गिऱ्हाइकं तुटलीही, ती. आम्ही इथर 500 मिलीच्या बाटलीतच देतो. अडीच लिटरची बाटली लिटरमागे स्वस्त पडते, आणि खरेदी विभागातले साहेब तेवढंच बघतात. आम्ही बघतो ते बाटली उघडल्यानंतर काय होतं ते. हवा आणि उजेड लागला की इथरमध्ये पेरॉक्साइड नावाची स्फोटक संयुगं तयार होऊ लागतात. कंपनी बीएचटीसारखा स्टॅबिलायझर घालते, पण तो हळूहळू संपतो. इथर उडून जातो, पेरॉक्साइड उडत नाहीत. तळाशी उरलेल्या थोड्या द्रवात ते गोळा होत जातात. कोणी तो उरलेला द्रव कोरडा होईपर्यंत आटवला, किंवा झाकणाच्या आट्यांत स्फटिक जमलेले असताना झाकण पिळलं, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून डिस्टिलेशन (उकळून वाफ पुन्हा थंड करणं) करताना थोडा द्रव फ्लास्कमध्ये राहूच द्यायचा असतो.

लहान लॅबला अडीच लिटर संपायला वर्ष लागतं. अर्धा लिटर सुमारे अडीच महिन्यांत संपतो. हिशेब एवढा साधा आहे. एका कारखान्याच्या खरेदी विभागाने आम्हाला ‘माल विकायचा नाही तर दुकान कशाला उघडलं?’ असं तोंडावर विचारलं होतं. ती ऑर्डर गेली. पण त्यांच्याच लॅबमधल्या केमिस्ट बाईंनी पुढे नोकरी बदलली तेव्हा नव्या ठिकाणची सगळी ऑर्डर आमच्याकडे वळवली.

प्रत्येक बाटलीवर आम्ही एक पिवळी चिठ्ठी लावतो : ‘उघडल्याची तारीख’ आणि पुढे रिकामी जागा. उघडल्यावर तीन महिन्यांनी तपासा किंवा काढून टाका, असं सांगतो. तपासणी अवघड नाही. ताज्या 10 टक्के पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात दसपट इथर घालून हलवायचं. पिवळा रंग आला की पेरॉक्साइड आहेत. टेस्ट स्ट्रिपही मिळतात. रोझ-गॉटलिबसाठी तर पेरॉक्साइडमुक्त इथरच लागतो, नाहीतर फॅटचा आकडाही चुकतो. खरं सांगायचं तर काही डेअऱ्या सुरक्षिततेच्या नावाने ऐकत नव्हत्या, आकडा चुकतो म्हटल्यावर लगेच ऐकू लागल्या.

एका कॉलेजमध्ये स्टॉक तपासायला बोलावलं होतं. कपाटाच्या मागच्या फळीवर तपकिरी बाटली, लेबल फिकटलेलं, द्रव जेमतेम बोटभर, आणि झाकणाभोवती पांढरी पुटं. लॅब असिस्टंट ‘हे घेऊन जा की’ म्हणत हात पुढे करत होता. त्याला मागे ओढलं, खोलीला कुलूप लावलं आणि प्राचार्यांना सांगितलं की आता हे काम ना तुमचं, ना माझं. पुढे प्रशासनामार्फत जाणकार माणसं आली आणि त्यांनी ती हलवली. अशी बाटली कोणाच्या कपाटात असेल तर तिला हात लावू नका, हलवू नका, झाकण तर अजिबात फिरवू नका.

फ्रीजचा विषय दरवर्षी निघतो. ‘एवढं गरम होतं, मग फ्रीजमध्ये ठेवतो ना!’ घरगुती फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण आतच असतं आणि दोन्हीकडे ठिणगी पडते. फ्लॅश पॉइंट उणे 45 असल्यामुळे उणे 20 च्या डीप फ्रीजरमध्येसुद्धा इथरची वाफ पेटण्याइतकी असते. बंद पेटीत ती वाफ साठली आणि कॉम्प्रेसर चालू झाला, की दार उडायला वेळ लागत नाही. आतून ठिणगीविरहित बनवलेले फ्रीज मिळतात, महाग असतात, आम्ही विकतो. पण बहुतेकांना फ्रीज नको, साठा कमी करा असंच सांगतो. दोन बाटल्या हवेशीर धातूच्या कपाटात ठेवल्या की पुरे.

मे महिन्यातली खास अडचण कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या नळीची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी 35 अंशांच्या वर जातं. ते कंडेन्सरमधून फिरवून 34.6 ला उकळणारा इथर थंड कसा होणार? सगळी वाफ वरच्या तोंडातून खोलीत. एका डेअरीच्या लॅबमध्ये दुपारी सगळ्यांचं डोकं जड व्हायचं आणि दोष उन्हाला दिला जायचा. इथर एकेकाळी भूल द्यायला वापरत, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही बर्फाची टाकी आणि छोटा पंप सुचवला, पण पंप शेजारच्या खोलीत आणि नळ्या भिंतीतून आत, कारण पंपाची मोटर इथरच्या टेबलाखाली ठेवणं म्हणजे एक धोका घालवून दुसरा आणणं. तापवायला हॉटप्लेटऐवजी वॉटर बाथ दिला. ज्यांना जमतं त्यांनी मे महिन्यात हे काम सकाळी उरकावं, हे त्याहून सोपं.

अजूनही अधूनमधून फोन येतो, ‘एक बाटली एसटीच्या डिकीत टाकून द्या, आमचा माणूस स्टँडवर उतरवून घेईल.’ नाही म्हणजे नाही. प्रवासी गाडीत हा माल कोणी न्यायचाच नसतो. रेल्वेत तर तो कायद्यानेच गुन्हा आहे. आमच्या टेम्पोतून माल जातो तेव्हा खोक्यावर वर्ग 3 चं (ज्वलनशील द्रवांचं) लाल ज्वाळेचं चिन्ह आणि यूएन 1155 हा इथरचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, ड्रायव्हरकडे माहितीपत्रक आणि डीसीपीचं (आग विझवायच्या कोरड्या पावडरीचं) सिलिंडर असतं. पेटलेल्या इथरवर पाण्याचा फवारा मारू नये, हे त्याला पाठ आहे. इथर पाण्याहून हलका, वर तरंगतो आणि आग पसरत जाते.

आज आमच्या उलाढालीत इथरचा वाटा अगदी थोडा आहे. अनेक लॅबनी आता फॅट मोजायची यंत्रं घेतली आहेत, आणि ती आम्हीच पुरवली आहेत. मुलगी धंद्यात आली आहे. तिने पिवळ्या चिठ्ठीवर क्यूआर कोड टाकला, स्कॅन केला की मराठीत सूचना दिसतात. मामांना तो आवडलेला नाही. त्यांच्या मते मोबाइल त्या खोलीत न्यायचाच नसतो, त्यामुळे आता चिठ्ठीवर ‘बाहेर स्कॅन करा’ असंही छापलं आहे.

मार्च ते जूनमध्ये इथरचा टेम्पो पहाटे पाचला निघतो आणि नऊनंतर कुठेही माल उतरवत नाही. या दिवसांत गोदामात साठा ठेवत नसल्याने ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी, आणि माल उतरवून घ्यायला सकाळी कोण असेल त्याचं नाव ऑर्डरमध्ये लिहावं.