घरात माणसं किती?

जळगाव, 23 सप्टेंबर 2020, बुधवार

सकाळी साडेदहाला आशाताई आल्या. सोबत दोन स्वयंसेवक. एकीच्या हातात ताप मोजायचं मशीन, दुसऱ्याकडे रजिस्टर. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झाल्यापासून गल्लीत रोज दिसायचे, आज आमचा नंबर लागला. दारातूनच विचारलं, "काकू, घरात माणसं किती?"

मी म्हणाले, "पाच."

त्या पोराने लिहूनही टाकलं. मग नावं, वयं सांगत गेले. सासूबाई म्हणजे जिजी, हे, मी, धाकटी लेक. आणि पुढचं, थोरल्याचं नाव तोंडाशी येऊन थांबलं. "चार लिही रे बाबा, चारच आहोत." त्याने पाचावर काट मारली आणि शेजारी चार काढला. इतकंच झालं. पण तेव्हापासून कशात जीव लागत नाही.

जिजींचं बोट ऑक्सिजन मोजायच्या मशीनमध्ये घातलं तर आकडाच येईना. जन्मभर शेतात राबलेलं बोट, टोकाला कातडं जाड, त्यात सकाळपासून पाऊस म्हणून गार पडलेलं. आशाताईंनी ते आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळलं, अगदी लेकीसारखं. हातात मोजे होते तरी. मग 96 आला. जिजी त्यांना म्हणाल्या, "पाच लिख व माय." त्यांना वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. मला माहीत आहे, जिजींना सगळं ऐकू येतं.

थोरला रविवारच्या एसटीने गेला, तीन दिवस झालेत फक्त, सवय आहे, चुकतो माणूस. दुपारपासून हेच घोकते आहे. पण पटत नाही. चार वर्षं झाली तो चाकणला आहे. या चार वर्षांत कुणीही विचारलं तरी मी चारच सांगत आले. एकदा चुकले नाही. मग आज का?

जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी आला होता, 21 मार्चला, एक बॅग घेऊन. आठ दिवसांचे कपडे होते. राहिला सहा महिने.

त्या सहा महिन्यांत मी किती कुरकुर केली! भांडीवाली बंद, दिवसभर चहा, दोन वेळचा पाच माणसांचा स्वयंपाक. 26 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. नणंदा आल्या नाहीत. आखाजीला लेकी माहेरी नाहीत असं या घरात कधी झालं नव्हतं. जिजी दिवसभर ओसरीत बसून राहिल्या. मी खापरावर, मातीच्या उपड्या भांड्यावर, पुरणाची पोळी टाकायला बसले तर हा शेजारी येऊन बसला, "मला शिकव." हातावर वाढवताना पहिल्या तिन्ही फाटल्या. चौथी खापरावर पडली तशी जिजी ओसरीतून उठून बघायला आल्या. मेमध्ये गच्चीवर बिबडे, ज्वारीचे पापड, घातले, ते ओल्या फडक्यावर थापायला हाच. जुलैत 7 ते 13 पुन्हा कडक बंद झालं तेव्हा रात्री गच्चीवर सगळे एकत्र झोपलो. धाकटी त्याला तारे दाखवत होती. लहानपणी तो तिला दाखवायचा.

खरं ते लिहायचं तर हे लिहावं लागेल: मला ते महिने चांगले गेले. लिहिताना हात थरथरतो. कोरोनामुळे समोरच्या घराला पत्रे ठोकले होते, ते मला दिसत होतं. समोरच्या काकू… ते मी इथे नाही लिहिणार. यांच्या दुकानाचं काय झालं तेही राहू दे. एवढं सगळं होत असताना रात्री पाच ताटं मांडली की मला बरं वाटायचं. सगळं जग कधी एकदा हे संपतं म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं, आणि मी मात्र मनातल्या मनात म्हणायची, अजून थोडे दिवस. आई होऊन असं मागायचं? पोराची कंपनी बंद राहावी म्हणून?

दोन तारखेला, जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास बंद झाल्याची बातमी त्याने मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कंपनीने दुसरी शिफ्ट सुरू केली होती, फोन येतच होते. जिजी म्हणाल्या, पितरं झाल्याशिवाय निघायचं नाही. सर्वपित्रीला, 17 तारखेला, आगारी, पितरांच्या नावाने विस्तवावर घास, त्यानेच टाकली, गच्चीवर कावळ्याला घासही त्यानेच ठेवला. अठराला अधिक महिना लागला. म्हटलं, या महिन्यात कुठे नवीन कामाला सुरुवात करतोस? म्हणाला, "आई, काम जुनंच आहे."

जाताना जुना मोबाईल धाकटीच्या ऑनलाइन शाळेसाठी ठेवून गेला. त्यावर आता दिवसभर तिची गणिताची मॅडम बोलते.

संध्याकाळी भाकरी करायला बसले. कळण्याचं पीठ, ज्वारीत काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं. गावाकडचे उडीद यंदा पावसाने शेंगेतच खराब झाले, हे विकतचे. दहा भाकरी लागायच्या, त्यातल्या तीन त्याच्या. दोन दिवस तीन-तीन उरल्या, सकाळी फोडणी घालून संपवल्या. आज परातीत पीठ मोजूनच घेतलं. सातच. परातीत हात थापता थापता वाटलं, आवाज लवकर थांबेल आज.

तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल. खोलीवर ज्वारीचं पीठ आणलंय, मेस अजून बंद आहे. "आई, भाकरीला कडेने चिरा जातात." मी फोन डब्याला टेकवून ठेवला. म्हटलं, पाणी गार घेतलंस ना? उकळतं घाल, थोडं थांब, मग मळ. जोर लावून मळ, पोळीसारखं गोंजारू नकोस. तो तिकडे मळत होता, मी इकडे. त्याची परात लहान, सारखी ओट्यावर सरकत होती. खाली ओलं फडकं घाल म्हटलं. घातलं. मग थापायला लागला.

जिजी येऊन फोनसमोर बसल्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, कडेला बोटं चालव, मध्ये नको.

चौथी बरी जमली म्हणाला. तव्यावर फुगलेली दाखवली, वाफेने कॅमेऱ्यावर धुकं आलं, काहीच दिसेना. आम्ही तरी बघत राहिलो.