त्रेचाळीस वेळा वर, त्रेचाळीस वेळा खाली

रविवार, रात्री

हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीयेत, एका बोटाने टाइप करतेय, तेव्हा चुका चालवून घ्या. आज एवढंच ठरलं की भावजींची टेकडी बाद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी भानगड काय ते आधी सांगते. एव्हरेस्टिंग म्हणून एक प्रकार असतो. कुठलाही एक चढ निवडायचा, सायकलने वर जायचं, त्याच वाटेने खाली यायचं, परत वर, परत खाली, असं करत करत एव्हरेस्टएवढी उंची भरेपर्यंत थांबायचं नाही. म्हणजे 8,848 मीटर, आणि 2020 च्या डिसेंबरात नेपाळ आणि चीनने मिळून नवीन मोजणी जाहीर केली तेव्हापासून वर आणखी 86 सेंटिमीटर. वेळेचं बंधन नाही, मधे बसा, खा, मोजे बदला, फक्त झोपायचं नाही. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या माउंट डोना बुआंगवर जॉर्ज मॅलरीने हे पहिल्यांदा केलं, 1924 मध्ये एव्हरेस्टवर गेला आणि परत आलाच नाही त्या मॅलरीचा हा नातू, नाव पण तेच. एव्हरेस्टच्या तयारीसाठी करत होता, आणि पुढच्या वर्षी खरोखर माथ्यावर जाऊन आला. आजोबांचं राहिलेलं नातवाने केलं, हे मला त्या सायकलिंगपेक्षा जास्त आवडतं. असो.

अर्ध्याला बेसकॅम्प म्हणतात, 4,424 मीटर. मी अर्ध्याचंच बोलतेय. वय 41, बैठी नोकरी, महिन्याच्या शेवटी अकाउंट्स क्लोजिंग, त्यात हे डोक्यात शिरलंय ते दिवाळीपासून. आणि करायचं तर डांबरावर नाही. सिंहगडचा रस्ता पुण्यातल्या सायकलवाल्यांचं माहेर आहे, साधारण सहाशे मीटरचा चढ, म्हणजे आठ फेऱ्यांत काम झालं असतं, पण रविवारी कांदाभजी आणि पिठलं-भाकरीला निघालेल्या गाड्यांमधून आठ वेळा खाली यायचं म्हणजे नको. दिवे घाटात ट्रक. बोपदेवला पहाटे बरं असतं पण उजाडलं की तेच. शिवाय माझ्याकडे जाड टायरची सायकल आहे, नवरा चार वर्षं विचारतोय की ही घेतलीस ती नक्की कशासाठी, तर ही घ्या, यासाठी.

तर भावजींची टेकडी. आमचे धाकटे भावजी आकड्यातले. त्यांनी एक्सेलमध्ये अकरा टेकड्या मांडल्या, लांबी, उंची, चढाचा टक्का, किती फेऱ्या, एकूण किलोमीटर, आणि सगळ्यात वरच्या ओळीला हिरवा रंग दिला. मुळशीच्या अंगाला, 1.6 किलोमीटरमध्ये 190 मीटर, म्हणजे बारा टक्के. "वहिनी, फक्त चोवीस फेऱ्या," म्हणाले. चोवीस ऐकायला किती छान वाटतं. चढ जितका खडा तितकं अंतर कमी, हे गणित डांबरावर बरोबर आहे, लोक आठ-दहा टक्क्यांचा चढ शोधतात तो त्याच्यासाठीच.

आज पाच फेऱ्या करून बघितल्या. पहिली मजेत. दुसऱ्या फेरीत कळलं की वरच्या वळणावर सुटी खडी आहे, तिथे उभं राहून पेडल मारायला गेलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि बसून मारलं की पुढचं उचलतं, मग सीटच्या अगदी टोकाशी सरकून, छाती हँडलवर टेकवून, कासवाच्या गतीने. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे 32 दात, मागे 46, त्यावर मिनिटाला पायाने साठ गिरक्या दिल्या तर ताशी पावणेसहा किलोमीटर होतात, त्याच्या खाली गेलं की तोलच जातो. तरी चढ मी सोसला असता. मला मारलं उतारानं.

डांबरावर उतार म्हणजे विश्रांती. पाय सोडा, पाणी प्या, केळं खा. इथे नऊ मिनिटं दोन्ही ब्रेकवर बोटं, मनगटं ताठ, ढुंगण मागे, नजर पुढच्या दहा फुटांवर. चौथ्या फेरीत ब्रेकचा जळका वास यायला लागला, पाचवीत मागचा लिव्हर मऊ लागला, खाली थांबून बघितलं तर ब्रेकच्या डिस्कवर निळसर झाक. त्यावर बाटलीतलं पाणी टाकायचा मोह झाला होता, टाकलं नाही, तापलेली डिस्क वाकली असती. दहा मिनिटं दगडावर बसून तिच्याकडे बघत राहिले. एकोणीस फेऱ्या अजून बाकी असत्या. भावजींच्या एक्सेलमध्ये उताराचा कॉलमच नव्हता. माझ्याही डोक्यात नव्हता हो, गेला महिनाभर मी नुसतं वर बघत होते.

मंगळवार

ऑफिसमधल्या एकीने विचारलं, एवढं लांब कशाला, वेताळ टेकडी आहे ना घराजवळ? तिचं घराजवळ, माझं नाही, मी बिबवेवाडीची. पण खरंय, शहरातली सगळ्यात उंच टेकडी तीच, समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटर. आवडते मला, मोरांसाठी, खाणीतल्या पाण्यासाठी. पण तिथे सकाळी पाचपासून चालणारे असतात, आणि पुण्यातला टेकडीवर चालणारा माणूस म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. मागे एकदा सायकल ढकलत नेत होते, ढकलत, तरी एक आजोबा थांबून म्हणाले, "ही टेकडी पायांसाठी आहे." आणि मला ते पटलं पण. दोन फेऱ्या करणारा पाहुणा असतो, तीस-चाळीस फेऱ्या करणारा उपद्रव. तळजईच्या टेकडीला पण तेच.

म्हणजे टेकडी अशी हवी जिथे मी कोणाला नको झालेली नसेन. हे कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाही.

शनिवार, जेवणानंतर

सापडली बहुतेक.

नाव लिहीत नाही, उद्या पन्नास जण जातील. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, एवढं पुरे. गावाच्या मागे एक बुटकी टेकडी, वर भैरोबाचं देऊळ, देवळाचं बांधकाम झालं तेव्हा ट्रॅक्टर जायला म्हणून मुरमाचा रस्ता केलेला आहे, पुढे डांबर व्हायचं होतं ते झालं नाही, माझं नशीब. आधी दोनदा त्या रस्त्याने गेले असेन पण टेकडीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, दिसायला काहीच नाही. थोडं गवत, बाभळी, उंदीरमारीची लागवड, आणि वर भगवा झेंडा.

सायकलच्या मीटरवर 1.3 किलोमीटर, उंची 104 मीटर. आठ टक्के. मोबाईल 97 म्हणाला, भावजींचं घड्याळ 111. मग घरी येऊन भारतीय सर्वेक्षणचा नकाशा काढला, त्याच्यावर सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात, पायथ्यापासून देवळापर्यंत पाच रेषा ओलांडल्या जातात, म्हणजे शंभरच्या आसपास आहे हे नक्की. 104 धरलं तर त्रेचाळीस फेऱ्या. 97 धरलं तर शेहेचाळीस. त्रेचाळीस धरून निघायचं आणि पाय असले तर तीन जास्तीच्या करून टाकायच्या, नंतर कोणी मीटरवरून हुज्जत नको.

पहिल्या तीनशे मीटरला पावसाने दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात, मधल्या उंचवट्यावरून जायचं, तिथे मुरूम दबून दबून जवळजवळ फरशीसारखा झालाय. मग उजवीकडे वळण, कातळ उघडा पडलाय, काळा, खरखरीत, टायर असा धरतो की बस. मग शेवटी देवळाखाली शंभरेक मीटर खडा टप्पा, बारा-तेरा टक्के असेल, पण छोटा, तोंड वाकडं करेपर्यंत संपतो. आणि उतरताना, हे महत्त्वाचं, उतरताना वळण लांबून दिसतं. ब्रेक दोनदाच लागतात, खड्या टप्प्यावर आणि चाकोऱ्यांच्या आधी. मधे पाऊण किलोमीटर हात मोकळे. मी एका हाताने बाटली काढून पाणी प्यायले! त्या मुळशीच्या टेकडीवर बाटलीला हात लावायची टाप नव्हती.

आठ फेऱ्या केल्या. वर जायला अकरा मिनिटं, खाली पाच. सोळा गुणिले त्रेचाळीस, साडेअकरा तास, थांबे धरून पंधरा. चोवीसपेक्षा त्रेचाळीस हा आकडा भयंकर वाटतो, किलोमीटर पण वाढतात, 77 च्या जागी 112, पण आठव्या फेरीनंतर मी हाताने हेल्मेटचा पट्टा काढू शकले. गेल्या रविवारी तो नवऱ्याने काढला होता.

एक पंक्चर झालं. देवळाच्या मागे सायकल टेकवली तिथे सराटे. ते बारके शिंगांचे काटे असतात ना, शेतात अनवाणी गेलेल्याला विचारा. ट्यूबलेस आहे म्हणून वाचले, टायरमध्ये भोक बुजवायला भरलेला पांढरा चीक फुसफुसत आला, काटा वरच्या बाजूला होता तो चाक फिरवून खाली आणून धरला, मिनिटभरात भोक बुजलं. पण त्रेचाळीस वेळा तिथे वळायचं म्हणजे वळायची जागा झाडून घ्यावी लागणार. खराटा न्यायचा. यादीत खराटा लिहिताना हसू आलं.

पायथ्याला एक घर आहे, अंगणात सीताफळाच्या क्रेट रचलेल्या, शेवटचा माल. तिथल्या आजी तिसऱ्या फेरीपासून ओट्यावर बसून बघत होत्या. सहाव्या फेरीला हाक मारली.

"नवस हाय का गं?"

म्हटलं, "नाही हो आजी."

"मग कशापायी?"

याचं उत्तर मला इंग्रजीत पण देता आलं नसतं. म्हटलं, व्यायाम. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खोटं पकडलंय. मग म्हणाल्या, पुढच्या येळंला येशील तवा नळाला पाणी सकाळीच असतंय, मोटर दुपारी बंद, हंडा भरून ठेवीन. आणि कुत्र्याला नावाने हाक मार, म्हणजे भुंकणार नाही. त्याचं नाव राजा. आत्तापर्यंत मी ज्या ज्या टेकड्या बघितल्या त्यांच्यातल्या एकाही कुत्र्याचं नाव मला माहीत नाही.

वर गुरव भेटले. त्यांना सगळं सांगितलं, रात्री पण येईन म्हटलं, चालेल का? चालेल म्हणाले, फक्त दर वेळी घंटा वाजवू नका, गाव झोपलेलं असतं. पलीकडच्या डोंगराला बिबट्या दिसला होता पावसाळ्यात, इकडे नाही आला, पण एकटी येऊ नका. मग भावजी येतायत सोबतीला. एक्सेल घरी ठेवून या म्हटलंय.

सोमवार, उशिरा

तारीख. मला चांदणं हवंय, हेडलाइटच्या उजेडात खड्यांच्या सावल्या मोठ्या दिसतात आणि प्रत्येक खडा दगड वाटतो. त्रिपुरी गेली. मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंतीची, धरलीय. थंडी असेल, त्या पट्ट्यात पहाटे चांगलीच असते, पण मुरमाला थंडीचं दव चांगलं, धूळ बसते. मे महिन्यात हाच रस्ता पिठासारखा होत असणार. आणि पावसाळ्यात तर चिखलाच्या त्या चाकोऱ्यांत सायकल रुतून बसेल. म्हणजे वर्षातले तीनेक महिनेच ही टेकडी माझ्या उपयोगाची, हे पण निवडताना बघायचं असतं हे मला आत्ता कळतंय. दुपारी तीनला निघायचं, म्हणजे ऊन उतरतं असेल आणि सकाळी सहाच्या सुमारास संपेल.

भावजींनी अजून हार मानलेली नाही. आज मेसेज, "वहिनी, हीच टेकडी पूर्ण एव्हरेस्टला 86 फेऱ्या." उत्तर दिलं नाही.

आईंना आज सांगितलं. आई म्हणजे सासूबाई. भाजी निवडत होत्या. पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "त्रेचाळीस वेळा? दर वेळी वर काय विसरतेस गं?" नवरा अर्धा तास हसत होता. नंतर त्यांनीच विचारलं की मोजणार कशी. म्हटलं मशीन मोजतं. मशीन बंद पडलं तर? खरं म्हणजे मला पण ती भीती आहे, पंधरा तासांत बॅटरी गेली तर मी कितव्या फेरीत आहे हे रात्री तीनला माझ्या डोक्याला विचारून उपयोग नाही, आठव्या फेरीलाच माझी सहावी की सातवी अशी गडबड झाली होती. त्या उठल्या, डब्यातून चिंचोके काढले, ताटात ओतले आणि मोजायला बसल्या. दोन वाट्या, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, दर फेरीला एक. वाट्या आजींच्या ओट्यावर ठेवायच्या, राजाने तोंड घातलं नाही म्हणजे झालं.

मी परत मोजले. चव्वेचाळीस निघाले. आई म्हणाल्या, असू दे, वरचा एक.

ब्रेक पॅड आणायचेत, दोन जोड. खराटा. हेडलाइटची जास्तीची बॅटरी भावजींकडे आहे, उद्या ऑफिसमधून येताना घ्यायची.