म्हाताऱ्यांना रोबोट सांभाळतात का?

पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला: "तुमच्या जपानात म्हाताऱ्यांना रोबोट सांभाळतात म्हणे?" दरवेळी हसून टाळते. पण काका, यंदा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टोकियोत बारा वर्षं काढली. रोबोट मी हॉटेलात ताटल्या आणताना पाहिलाय, कुणा आजींना आंघोळ घालताना नाही.

खरं उत्तर माझ्या पगाराच्या स्लिपवर आहे. चाळिशी लागली आणि एक नवी कपात सुरू झाली: 'काइगो होकेन', म्हातारपणीच्या देखभालीचा विमा. 2000 साली आलेला. चाळिशीनंतर सगळ्यांनी भरायचा, परदेशी असलात तरी. नोकरदारांचा निम्मा हप्ता कंपनी भरते. मी कुरकुरलेच होते. मग शेजारच्या आजी पडल्या. पालिकेचं माणूस येऊन बघून गेलं: उठता येतं का, घास तोंडाशी नेता येतो का, सध्या ऋतू कोणता. त्यावरून मदतीच्या गरजेच्या सात पायऱ्यांपैकी त्यांची पायरी ठरली. आता आठवड्यातून दोनदा गाडी येते, आजींना केंद्रात नेऊन न्हाऊ-जेवू घालून परत आणते. खर्चाचा दहावा हिस्सा आजींचा, बाकीचा विम्यातून. एरवी हे सगळं सुनेच्या गळ्यात पडलं असतं. (पुरतं सुटलेलं नाहीच; आजही वर्षाला लाखभर माणसं घरच्यांची सेवा करायला नोकरी सोडतात.)

पैशाची सोय झाली, हात कुठून आणायचे? 2024 मध्ये जपानी बाळं जन्मली सात लाखांहून कमी. म्हणून आजींच्या केंद्रात व्हिएतनाम, म्यानमारच्या मुली दिसतात. आणि म्हातारे तर वाढतच चाललेत: शंभरी गाठणाऱ्याला सरकार चांदीचा पेला देतं. 1963 साली असे 153 जण होते, 2024 मध्ये 95 हजारांवर. पेला 2016 पासून नुसता चांदीचा मुलामा दिलेला!

आणि म्हातारेच कामाला लागलेत. आमच्या स्टेशनच्या सायकलतळावरचे आजोबा शहात्तर वर्षांचे. निवृत्तांना थोड्या तासांची कामं देणारी 'सिल्व्हर जिनझाई' केंद्रं गावोगाव आहेत, त्यांतून आलेले. एकदा म्हणाले, "तुमच्या देशात मुलंच मुलं असतील, नाही?" म्हटलं, आमच्या महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी दोन मुलंही नाहीत.

"हेऽऽ?" म्हणाले, आणि माझी तिरकी लावलेली सायकल सरळ करून पुढच्या रांगेकडे गेले.