आमची वाटचाल : मेगरपासून थंपरपर्यंत

जमिनीखालच्या वीजकेबलमधला बिघाड, म्हणजे फॉल्ट, नेमका कुठे आहे ते शोधणं हे आमचं काम. सुरुवातीला आमच्याकडे ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), मरे लूपचा ब्रिज (रोधांच्या गुणोत्तरावरून फॉल्टचं अंतर काढणारं यंत्र) आणि डिस्चार्ज रॉड (केबलमध्ये साठलेला चार्ज जमिनीत सोडणारी काठी) एवढंच होतं. ११ केव्हीच्या भूमिगत केबलवर त्यातही बरंच भागतं, फक्त एक कोअर (केबलमधली वाहक तार) धडधाकट हवा. पल्याडच्या टोकाला चांगला आणि खराब कोअर जोडून लूप करायचा, ब्रिज शून्यावर आणायचा आणि गुणोत्तरावरून अंतर काढायचं. हिशेब सोपा आहे, चुकतं ते जोडणीत. ३०० चौरस मिमी अॅल्युमिनियम कोअरचा रोध किलोमीटरला साधारण ०.१ ओहम. टोकाला दोन कोअर जोडणाऱ्या जंपरमध्ये ५ मिलिओहम जरी शिल्लक राहिले, तरी लूपमध्ये ५० मीटर केबल वाढल्यासारखं होतं. म्हणून लग (कोअरच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) पॉलिश पेपरने घासणं आणि जाड तांब्याची पट्टी बोल्टने घट्ट आवळणं, हे नव्या मुलांना आजही आधी शिकवतो.

कोअर तुटला असेल किंवा चांगला कोअर उरलाच नसेल, तर ब्रिज हात टेकतो. त्यासाठी टीडीआर घेतला, म्हणजे केबलमध्ये विजेचा पल्स सोडून तो परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढणारं यंत्र. तुटलेल्या कोअरवरून पल्स परतताना आलेख वर उसळतो, शॉर्टवरून परतताना खाली जातो. एक्सएलपीई (पॉलिथिलीनचं इन्सुलेशन असलेल्या) केबलमध्ये पल्सचा वेग मायक्रोसेकंदाला साधारण १६० ते १७२ मीटर. जाणं-येणं धरून निम्मा लावायचा. यंत्रात ८४ ठेवले आणि त्या केबलचा खरा आकडा ८० असला, तर १२०० मीटरवरचा फॉल्ट १२६० वर दिसतो आणि खड्डा ६० मीटर चुकतो! चांगला कोअर असेल तर त्याची माहीत असलेली लांबी जुळेपर्यंत वेग बदलतो. नसेल तर दोन्ही टोकांकडून मोजतो. दोन्ही अंतरांची बेरीज एकूण लांबीइतकी आली पाहिजे.

टीडीआरलाही मर्यादा आहे. केबलचा सर्ज इम्पिडन्स (पल्सला जाणवणारा रोध) शंभर ओहमच्या आतच असतो, त्यामुळे काही किलोओहमचा फॉल्ट त्याला जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा केबलमध्ये उच्च व्होल्टेजचे धक्के सोडणारा सर्ज जनरेटर, म्हणजे आमच्या भाषेत थंपर, टीडीआरला जोडला. ८ केव्हीला ३२ मायक्रोफॅरड म्हणजे एका धक्क्यात १०२४ ज्यूल. फॉल्टवर आर्क (विजेची ठिणगी) पेटतो आणि काही मिलिसेकंद तो शॉर्टसारखा वागतो. तेवढ्यात पल्स सोडायचा. आर्कच्या आधीचा आणि आर्कमधला असे दोन आलेख एकमेकांवर ठेवले की जिथे ते फुटतात तिथे फॉल्ट.

मोजलेलं अंतर केबलचं असतं, रस्त्याचं नव्हे. जॉइंटपाशी सोडलेले वळसे, वरखाली गेलेली केबल, सगळं त्यात धरलेलं असतं. त्यामुळे आधी रूट ट्रेसरने मार्ग काढतो, मगच थंपर चालू ठेवून ग्राउंड माइक (जमिनीतला आवाज ऐकणारं यंत्र) घेऊन चालतो. कानावर भरवसा ठेवत नाही. केबल पाइपात असेल तर धप्प आवाज पाइपाच्या तोंडाशी मोठा येतो आणि माणूस तिथेच खणतो. थंपरच्या धक्क्याचा चुंबकीय संकेत आणि आवाज यांच्यातला वेळ जिथे सर्वांत कमी, तीच जागा. तो वेळ शून्य कधीच होत नाही, कारण आवाजाला केबलच्या खोलीपासून वर यावं लागतं. फॉल्ट पक्का शॉर्ट असेल तर आर्कच पेटत नाही, आवाजही होत नाही. तिथे थंपर मारत बसण्यात अर्थ नाही.

थंपर तासन्‌तास चालवायला आमचा ठाम विरोध आहे. वॉटर ट्री (ओलाव्याने आत पसरलेलं झाडासारखं बारीक जाळं) झालेलं जुनं इन्सुलेशन त्या धक्क्यांनी दुसरीकडे फुटतं. फॉल्ट जेवढ्या व्होल्टेजला फुटतो त्याच्या जरासंच वर ठेवायचं, आणि जागा मिळाली की बंद.

खणल्यावर बहुतेकदा जॉइंटच हाती येतो. सेमिकॉन (इन्सुलेशनवरचा अर्धवाहक थर) काढताना चाकूची रेघ इन्सुलेशनवर उमटलेली असते आणि तिच्याकडेने काळा माग गेलेला असतो. तो तुकडा कापून ग्राहकाला दाखवतो, म्हणजे पुढचा जॉइंट कोण आणि कसा करतो याकडे त्याचं लक्ष राहतं. दुरुस्तीनंतर डीसी हायपॉट (उच्च डीसी व्होल्टेजची चाचणी) आम्ही बंद केली आहे, कारण जुन्या एक्सएलपीईमध्ये त्याने चार्ज साठून राहतो. आता ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अगदी कमी वारंवारतेची) चाचणी करतो. ५० हर्ट्झच्या तुलनेत चार्जिंग करंट ५०० पट कमी लागतो, म्हणून यंत्र गाडीत मावतं.