कडबोळ्याच्या वळणांचा भूतबंगला

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या माळ्यावर बकासुराचा उजवा हात आहे. कोपरापासून बोटांपर्यंत, माझ्या मांडीएवढा जाड. अण्णांनी १९८६ साली एका मंडळासाठी हलता देखावा केला होता, त्यातला. भीम पाठमोरा बसून गाड्यातला भात खातोय आणि मागून बकासुर हात उगारतो, एवढाच प्रसंग. पण तो हात वर जायला लागला की पुढे उभी असलेली पोरं दर वेळी एक पाऊल मागे सरकायची. मी आठ वर्षांचा होतो. पडद्यामागे अण्णांच्या शेजारी बसून मी ती सरकणारी पावलं बघायचो.

गेल्या जूनमध्ये ताईकडे अमेरिकेत गेलो होतो. ती बाल्टिमोरला असते. एका शनिवारी भाऊजी आम्हाला तीन तासांवरच्या ओशन सिटीला घेऊन गेले. अटलांटिकच्या काठाने जाणारा लांबच लांब लाकडी फळ्यांचा रस्ता, त्याला तिथे बोर्डवॉक म्हणतात. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला दुकानं, आणि मधल्या वाऱ्यात व्हिनेगर मारलेल्या बटाट्याच्या फ्राइजचा वास. या रस्त्याच्या दक्षिण टोकाला ट्रिंपर घराण्याचं पार्क आहे, १८९३ पासूनचं. १९१२ सालचा लाकडी घोड्यांचा चक्री पाळणा तिथे अजून फिरतो. १९३३ च्या ऑगस्टमधल्या वादळाने त्याच टोकाला जमीन फोडून समुद्राला नवी वाट करून दिली. एवढ्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड आणि लाकूड टिकवायचं म्हणजे रोज हात फिरवावा लागत असणार.

तिथेच त्यांचा भूतबंगला आहे. १९६४ साली बिल ट्रेसी नावाच्या कलाकाराने तो उभा केला. आत जायला शवपेटीच्या आकाराची गाडी. ताई म्हणाली, "तू जाऊन ये बाबा, मी आपली समुद्राकडे बघत बसते." मी एकटाच बसलो.

पहिल्या फेरीत सगळ्यांसारखाच दचकलो. दार ढकलून गाडी आत गेली, काळोख झाला आणि गाडीने असा काही गर्रकन काटकोनात वळसा घेतला की माझा खांदा कडेवर आपटला. बाहेर आलो आणि लगेच दुसरं तिकीट काढलं. या वेळी डोळे मिटून नुसतं ऐकायचं ठरवलं. चाकांची घरघर, मग कुठेतरी खट्, मग मोटरचा घुं आवाज, आणि मग क्रँकचा, म्हणजे मोटरच्या फिरण्याने हात वर-खाली करणाऱ्या दांड्याचा, तो ठेका: गर्र-टक्, गर्र-टक्. हा आवाज मी ओळखतो. वर जाताना मोटरवर भार येतो म्हणून आवाज जडावतो आणि खाली येताना मोकळा होतो. बकासुराचा हात असाच वाजायचा.

त्या रात्री ताईच्या घरी बसून आणि पुण्याला परतल्यावर कितीतरी रात्री मी या भूतबंगल्यांबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातलं मला सगळ्यात आवडलं ते सुरुवातीचं. १९२०च्या दशकात न्यू जर्सीतल्या ब्रिजटन गावात लिऑन कॅसिडी यांचं छोटं पार्क होतं. त्या काळी अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावर होड्या सोडायची टूम होती, पण तिला पैसा फार लागायचा. कॅसिडींनी पाणीच काढून टाकलं. एकच रूळ, त्यावर विजेवर चालणारी छोटी गाडी, आणि छोट्या खोलीत मावतील तितकी वळणं. त्यात बसून आलेलं गिऱ्हाईक म्हणालं म्हणे, प्रेट्झेलसारखा पीळ बसला! प्रेट्झेल म्हणजे पीळ घालून भाजलेला पावाचा प्रकार, आपल्या कडबोळ्याच्या नात्यातला. १९२८ मध्ये कॅसिडींनी त्याच नावाने कंपनी काढली. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना वजन हवं होतं, तर ते वजनसुद्धा प्रेट्झेलच्या आकारातच बिडात ओतून घेतलं. दोन वर्षांनी, १९३० साली, ही गाडी इंग्लंडातल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर पोचली आणि तिकडे तिचं नाव घोस्ट ट्रेन झालं.

आता कारागिरांसाठी खरी गंमत. या गाड्यांत भूत जागं करायला कुणी माणूस बसवावा लागत नाही. रुळालगत एक खटका असतो. गाडी त्यावरून गेली की तो दाबला जातो आणि पुढचा सांगाडा उठतो. मघाशी ऐकलेलं खट् ते हे. आपल्या हलत्या देखाव्यात प्रेक्षक जागेवर उभा असतो आणि निवेदनाच्या टेपबरोबर चित्रं हलतात. अण्णांनी त्यासाठी लाकडी रोलर केला होता, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. रोलर सावकाश फिरायचा, पट्टी पत्र्याला टेकली की भीमाचा दिवा लागायचा, पुढची पट्टी टेकली की हाताची मोटर सुरू. रोलर आणि टेप यांचा मेळ चुकला तर संवादाआधीच हात वर जायचा आणि अण्णा रात्रभर अस्वस्थ असायचे. कॅसिडींनी तो प्रश्नच मुळात काढून टाकला. बसणारा स्वतःच्या वजनाने भूत उठवतो, त्यामुळे वेळ चुकायचं कारणच उरत नाही. अण्णांना हे सांगायला हवं होतं. ते समोर बसून मांडीवर बोटाने खटका काढून दाखवत राहिले असते.

ट्रेसींचं काम या गाडीच्या पुढचं. त्यांची भुतं कागदाच्या लगद्याची, अंगभर भडक रंग आणि वर अतिनील दिवे, म्हणजे भोवतालचा सांगाडा दिसत नाही, फक्त भूत पेटल्यासारखं दिसतं. गोल फिरणारं पिंप आणि त्यामधून जाणारी गाडी, तिरक्या खोल्या, करवतीचा कारखाना, हे त्यांचे हातखंडे. बांधून घातलेल्या बायकांचे छळ त्यांनी काही ठिकाणी दाखवले होते. ते पुढे बऱ्याच पार्कांनी बदलले आणि चांगलंच केलं असं मला वाटतं. १९७४ साली ट्रेसी गेले. त्यांची बहुतेक कामं आता नाहीत. लगदा ओल धरतो, लाकूड कुजतं, पार्क बंद पडतात.

आणि आगी लागतात. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्याच एका मोठ्या पार्कातल्या चालत फिरायच्या भूतबंगल्याला आग लागली आणि आठ मुलं गेली. त्यानंतर पाण्याचे फवारे, धुराची सूचना, बाहेर पडायच्या वाटा यांचे नियम कडक झाले आणि कित्येक जुन्या भूतबंगल्यांना टाळं लागलं. हे वाचताना चतुःशृंगीच्या जत्रेत लहानपणी पाहिलेला भूतबंगला डोळ्यांसमोर आला. ताडपत्री, लोंबणाऱ्या वायरी, बाहेर पडायला एकच फट. आमच्या मांडवातही कापड आणि उघडे होल्डर हातभर अंतरावर असायचे. अण्णा वाळूच्या दोन बादल्या पडद्यामागे ठेवायचे आणि तिथून कुणालाही हलवू द्यायचे नाहीत.

तरी ट्रिंपरांचा भूतबंगला टिकला. नुसता टिकला नाही, १९८८ साली त्यांनी तो वाढवून दुमजली केला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या १९५५ सालच्या स्पूक-अ-रामा नावाच्या भूतबंगल्यात २०१२ मध्ये सँडी वादळाचं खारं पाणी शिरलं, तोही मालकांनी झटून पुन्हा सुरू केला. माझ्या मते यात यंत्रापेक्षा घरच्या माणसांचा भाग मोठा. कोपऱ्यातली बाहुली कधी आणली, तिचा मणका कशाचा, शेवटचा रंग कुणी दिला, हे घरात कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या किनाऱ्यावरच्या असल्याच एका अंधाऱ्या सफरीत १९७६ च्या डिसेंबरात चित्रीकरण चालू होतं. टांगलेला पुतळा बाजूला करताना त्याचा हात तुटला आणि आत हाड दिसलं. तो एल्मर मॅककर्डी नावाचा दरोडेखोर होता, १९११ साली ओक्लाहोमात गोळीबारात मेलेला. मसाला भरलेलं ते प्रेत इतक्या मालकांच्या हातून गेलं होतं, की आपण माणूस टांगलाय हे शेवटच्या मालकाला माहीत नव्हतं. १९७७ च्या एप्रिलमध्ये त्याला ओक्लाहोमात पुरलं. मला ही गोष्ट भीतीची वाटत नाही, वाईट वाटतं.

बकासुराचं काय झालं तेही लिहितो. विसर्जनानंतर बकासुराची मूर्ती तेवढी मंडळाने ठेवायची असं ठरलं होतं, आणि ती गोडाऊनमध्ये अकरा वर्षं राहिली. मग कार्यकर्ते बदलले. जागा हवी होती म्हणून एका सकाळी सगळं टेंपोत भरलं. अण्णांना कुणी कळवलं नाही. चहा आणायला गेले असताना त्यांनी टेंपो पाहिला, तोवर धड मोडलेलं होतं. ते हात घेऊन चालत घरी आले. आईने काही विचारलं नाही, माळ्यावर जागा केली.

परवा रविवारी मी तो खाली काढला. अंगठ्याच्या बुडाशी तडा गेलाय आणि तिथून आतला लगदा दिसतो. त्यात छापील अक्षरं आहेत, अर्धा भाव, कुठल्यातरी नाटकाच्या प्रयोगाची वेळ. कोपराच्या आत अण्णांनी बसवलेला क्रँक गंजलाय, पण तेल सोडून तासभर ठेवल्यावर फिरला. वायपर मोटर नवीन घ्यावी लागेल, शनिवारी तपकीर गल्लीत बघून येईन. तड्यासाठी खळ शिजवली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजवल्या आणि तीन थर दिले. हात गॅलरीत दोरीला टांगलाय. पाऊस यायच्या आत वाळायला हवा.