१९६४ च्या बीटलचा क्लच: आधी दाते मोजा, मग भाग मागवा

इंजिन खाली उतरलंय आणि सध्या सगळं लक्ष क्लचवर आहे. कागदोपत्री गाडी १९६४ ची, म्हणजे मूळची १२०० इंजिनाची, ६ व्होल्टची फोक्सवॅगन बीटल. पुस्तकाप्रमाणे हिला १०९ दात्यांचं फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) आणि १८० मिलिमीटरचा क्लच असायला हवा. फ्लायव्हीलच्या बाहेरच्या कडेला, स्टार्टर जिथे अडकतो, त्या दातेरी रिंग गिअरच्या एका दात्यावर खडूने खूण केली आणि मोजत गेलो, तर दाते १३० भरले. क्लचप्लेट घासून फ्लायव्हीलवर जो चकचकीत पट्टा पडतो त्याचा बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर निघाला. हे १२ व्होल्टच्या काळातलं फ्लायव्हील आहे. कधीतरी कुणीतरी इंजिन बदललेलं दिसतं.

म्हणूनच माझा आग्रह आहे की सुटे भाग गाडीच्या वर्षावरून मागवूच नयेत. इतक्या वर्षांत इंजिन, गिअरबॉक्स, स्टार्टर यांची अदलाबदल झालेली असते. वर्ष फक्त कुठून बघायला सुरुवात करायची ते सांगतं. दाते मोजले म्हणजे व्यास कळला असंही धरू नका, कारण १०९ दाते आणि २०० मिलिमीटर क्लच अशीही फ्लायव्हील होती. दोन्ही मापं वेगवेगळी घ्या.

१३० दात्यांचं फ्लायव्हील आकाराने मोठं असतं, ते ६ व्होल्टच्या गिअरबॉक्समध्ये तसंच बसत नाही. बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं फ्लायव्हील झाकणारं तोंड, आतून घासावं लागतं. टॉर्च घेऊन आत पाहिलं, तर मॅग्नेशियमच्या ओतीव भागावर ग्राइंडरचे तिरके ओरखडे स्पष्ट दिसले. काम नीट झालेलं आहे, दाते कुठे लागल्याची खूण नाही. त्यामुळे १३० दातेच ठेवायचे ठरलं. स्टार्टरचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो तो मात्र स्टार्टर हातात घेऊन, दांडा मोजूनच घ्यायचा. ६ आणि १२ व्होल्टच्या स्टार्टरचे दांडे सारख्या जाडीचे नसतात, आणि सैल बुशमध्ये स्टार्टर तिरका चालून रिंग गिअर खातो.

खरी गडबड रिलीज बेअरिंगपाशी, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगपाशी, सापडली. १९७० पर्यंतच्या गिअरबॉक्समध्ये हे बेअरिंग आडव्या दांड्याच्या दोन हातांवर क्लिपांनी अडकवलेलं असतं आणि प्रेशर प्लेटच्या (क्लचप्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) मधल्या कड्यावर दाबतं. १९७१ पासून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती (इंजिनाची ताकद आत नेणारा दांडा) मार्गदर्शक नळी आली. बेअरिंग तिच्यावर सरळ सरकतं आणि डायफ्रॅमच्या, म्हणजे प्रेशर प्लेटमधल्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या, बोटांवर थेट दाबतं, म्हणून त्या प्रेशर प्लेटला कडं नसतं. माझ्या गिअरबॉक्सला नळी नाही, आणि इंजिनावर निघाली ती बिनकड्याची प्रेशर प्लेट. बोटांची टोकं एका बाजूला जास्त झिजलेली होती. मध्यावर धरून ठेवायला काही नसलं की बेअरिंग असंच बाजूला सरकून दाबत राहतं.

मागणी अशी नक्की केली: २०० मिलिमीटरची कड्याची प्रेशर प्लेट, २०० मिलिमीटरची क्लचप्लेट, जुन्या पद्धतीचं बेअरिंग आणि दोन्ही क्लिपा नव्या. तिन्ही मुख्य भाग एकदमच बदलावेत असं मी म्हणेन, कारण त्यासाठी इंजिन पुन्हा खाली काढणं कुणालाच आवडणार नाही.

फ्लायव्हील तपासताना सर्वांत जास्त वेळ फ्लायव्हील क्रँकवर जागच्या जागी धरणाऱ्या डॉवेल पिनांच्या भोकांवर घालवला. ग्लँड नट, म्हणजे फ्लायव्हील क्रँकला आवळणारा मधला मोठा नट, सैल राहिला की फ्लायव्हील क्रँकवर हलत राहतं आणि चारही भोकं लंबगोल होतात. अशा फ्लायव्हीलवर पुढचा कुठलाही खर्च करण्यात अर्थ नाही. माझ्याकडची भोकं गोल आहेत, नवी पिन हाताने आत जात नाही. त्यानंतर तेलाचं सील ज्या गळ्यावर फिरतं तो भाग पाहिला. बीटलमध्ये हे सील फ्लायव्हीलच्याच गळ्यावर घासतं, त्यामुळे तिथे खोल चर पडला असेल तर नवं सील घालूनही तेल क्लचप्लेटवर येणार. नख फिरवून पाहिलं, अडकलं नाही. घर्षणाच्या बाजूला निळसर डाग आणि बारीक केसांसारखे तडे होते, म्हणून लेथवर हलका हात मारून घेतला. यात एक काळजी घ्या: प्रेशर प्लेट बसते ती कड आणि घर्षणाचा पृष्ठभाग यांच्यातल्या पायरीची उंची तीच राहिली पाहिजे. आतून जेवढं घ्याल तेवढंच कडेवरूनही घ्या, नाहीतर क्लचची पकड कमी होते.

मग एंड प्ले, म्हणजे क्रँकचा पुढेमागे होणारा खेळ. तेलाचं सील न बसवता आधी दोनच शिमा (धातूच्या पातळ चकत्या) घालून फ्लायव्हील आवळलं, डायल गेज लावला आणि क्रँक पुढेमागे ढकलला. ०.४२ मिलिमीटर आलं. त्यातून ०.१० वजा करायचे, म्हणजे तिसरी शिम ०.३२ ची. शिमा नेहमी तीनच लागतात. शेवटी खेळ ०.०७ ते ०.१३ मध्ये यायला हवा, माझा ०.१० च्या आसपास आहे. या फ्लायव्हीलला आत ओ-रिंगची खाच आहे, म्हणून नवी ओ-रिंग घातली. खाचवाल्या फ्लायव्हीलखाली जुन्या पद्धतीचं गॅस्केट घालू नका.

ग्लँड नट नवाच घेतला, कारण इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं नीडल बेअरिंग त्याच्याच पोटात असतं. त्यात ग्रीस अगदी थोडं, जास्तीचं उडून क्लचप्लेटवर जातं. हा नट ३०० न्यूटन मीटरला आवळायचा, म्हणजे १ मीटर लांब दांडीच्या टोकाला सुमारे ३० किलोचा भार. फ्लायव्हील अडवायला लोखंडी अँगल बोल्टने कसून लावला होता.

क्लचप्लेट डमी शाफ्टने मध्यावर धरून, स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे ठेवून बसवली. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे फिरवत २५ न्यूटन मीटरपर्यंत नेले.

आता इंजिन वर चढवायच्या आधी क्लच केबलची बाहेरची नळी बघायची आहे. तिला मधोमध २५ ते ४५ मिलिमीटर झोळ हवा. तो नसेल तर नवा क्लचही धरताना थरथरतो. इंजिन चढलं की पेडलचा मोकळा खेळ १० ते २० मिलिमीटरवर लावणार.